अंगण खरोखरच वाकडे असेल तर?



‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकवीत आलो आहोत. आपला दोष दुसऱ्यावर ढकलू नये, हा तिचा अर्थ आम्ही फळ्यावर लिहून देतो आणि परीक्षेत त्याला गुणही देतो. परंतु गेल्या वर्षी आमच्याच घरात असा एक प्रसंग घडला, की त्या म्हणीची दुसरी बाजू आमच्या ध्यानात आली. कधी कधी अंगण खरोखरच वाकडे असते. नाचणारीचा त्यात काही दोष नसतो. अशा वेळी अंगण सरळ करून देणे हे घरातल्या इतर माणसांचे कर्तव्य असते. आज त्याविषयी दोन शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

आमचे राहणे वाक्वा येथे, थोरल्या बंधूंबरोबर एकाच घरात आहे. आमच्या वहिनी १९८८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, लोकरीचे स्वेटर करणाऱ्या एका कारखान्यात लागल्या. १९७० साली निर्यात-उद्योगांचा कायदा झाला, आणि पुढच्या वीस वर्षांत आपल्या बेटावरील हजारो स्त्रिया प्रथमच घराबाहेर पडून पगार आणू लागल्या, हे वाचकांस ठाऊकच आहे. ज्या बेटावर लोकर पिकत नाही, त्या बेटाचे लोकरीचे कपडे युरोपातल्या दुकानांत जाऊ लागले. मग २००५ च्या जानेवारीत जागतिक कापड-व्यापारातील कोट्याची पद्धत संपली. त्या सुमारास अनेक कारखाने बंद पडले. वहिनींचाही कारखाना बंद झाला. अठरा वर्षांची नोकरी एका पत्राने संपली.

पुढे वहिनींनी मिळेल ते काम केले. चार वर्षांपूर्वी त्यांच्या एका जुन्या सोबतिणीने त्यांना लोकरीचे फेल्टकाम शिकवले. सुट्या लोकरीचा गोळा घेऊन, दातेरी सुईने टोचून टोचून, त्याला घट्ट आकार द्यायचा. वहिनींच्या हातांना लोकर ओळखीचीच होती. थोड्याच दिवसांत त्या लोकरीचे डोडो, लहान लहान पक्षी, आणि गणेशोत्सवाच्या आराशीसाठी छानसे उंदीर करू लागल्या. शाळांच्या जत्रांत आणि पर्यटकांच्या एका-दोन दुकानांत त्यांच्या वस्तू खपूही लागल्या.

हे सर्व काम चाले जेवणाच्या टेबलावर. जेवणाची वेळ झाली की आवरा. पाहुणे आले की आवरा. मुलांचा अभ्यास आला की आवरा. लोकर एका प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायची आणि पिशवी पलंगाखाली सरकवायची. पुन्हा काढायला गेले की रंग एकमेकांत मिसळलेले, अर्धवट झालेला पक्षी चेपलेला. वहिनींचे खांदे दुखू लागले. आम्ही सर्वांनी ते ऐकले आणि वयावर ढकलले.

एके रविवारी अचानक पाहुणे आले. घाईघाईने आवरताना एक सुई मोडली आणि तिचे टोक चटईवर पडले. संध्याकाळी आमच्या पुतण्याच्या चिमुकल्या मुलीच्या टाचेत ते रुतले. टोक लगेच निघाले, इजा मोठी झाली नाही. परंतु घरात एकच गिल्ला झाला. ज्याने त्याने वहिनींना बोल लावला. आणि सांगावयास लाज वाटते, पण सर्वांत मोठ्या आवाजात आम्हीच म्हणालो, “वहिनी, हा पसारा आता बंद करा.”

वहिनी काही वेळ गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “भाऊजी, तुमच्या वह्यांना या घरात मेज आहे. माझ्या कामाला काय आहे?”

आम्ही निरुत्तर झालो. खरोखरच, दिवाणखान्याच्या खिडकीजवळ आमचे लिहिण्याचे मेज आहे. गेली पंधरा वर्षे त्यावर मुलांच्या वह्या, लाल पेन, चष्मा जसेच्या तसे पडलेले असतात. पाहुणे आले तरी कोणी म्हणत नाही, की मेज रिकामे करा. उलट आमच्या वहिनीच मुलांना दटावतात, “काकांच्या टेबलाला हात लावू नका.” आमच्या कामाला घराने मान दिला, तो आधी जागेच्या रूपाने दिला. वहिनींच्या कामाला तोंडी कौतुक मिळाले, जागा मिळाली नाही. कारखान्याने त्यांना पगार कमी दिला असेल, पण बसायला बाक दिला होता, डोक्यावर दिवा दिला होता, उजव्या हाताशी माल ठेवायला पेटी दिली होती. कारखाना गेला तेव्हा पगाराबरोबर हेही गेले, याचा विचार आम्ही कोणी केला नव्हता.

आम्ही शिक्षणशास्त्र शिकलो तेव्हा मारिया माँटेसरींची तत्त्वे पाठ केली होती. मुलाच्या हाताला पोचेल असे फडताळ हवे, मुलाच्या उंचीचे टेबल-खुर्ची हवी, प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली हवी. मग मूल आपोआप कामात रमते. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणण्याचा विचार मांडला, त्यावर आम्ही निबंधही लिहिला होता. वर्गात ते सर्व आम्ही पाळतो. घरी मात्र पन्नाशी उलटलेल्या बाईला पाय अधांतरी लोंबतील अशा खुर्चीवर बसवून, वर तिच्या पसाऱ्याला नावे ठेवीत होतो!

मग आम्ही आणि बंधूंनी मिळून वहिनींसाठी घरात कामाची एक जागा केली. ती कशी केली ते थोडे विस्ताराने सांगतो. कारण आमची खात्री आहे की अशा वहिनी, मावशी, आत्या आपल्या बेटावर घरोघरी आहेत.

प्रथम उजेड. हस्तकलेच्या पुस्तकांत बहुधा लिहिलेले असते, की उत्तरेकडची खिडकी उत्तम, कारण तिकडून ऊन न येता सारखा उजेड येतो. ती पुस्तके उत्तर गोलार्धातील आहेत. आपण विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २० अंशांवर राहतो, आणि वर्षातील बहुतेक दिवस दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणून आपल्याकडे सौम्य, सारखा उजेड दक्षिणेच्या खिडकीतून येतो. मात्र आपला नेहमीचा वारा आग्नेयेकडून येतो आणि बरोबर पाऊस आणतो. हलकी लोकर अशा वाऱ्याने घरभर उडते. तेव्हा खिडकी दक्षिणेची घ्यावी, पण काम करताना वाऱ्याच्या बाजूची झडप बंद ठेवावी. उजव्या हाताने काम करणारीला उजेड डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. संध्याकाळसाठी मान वळणारा एक दिवा पुरे.

दुसरी गोष्ट उंचीची. वहिनींचे खांदे का दुखत, ते मोजपट्टी घेतल्यावर कळले. जेवणाचे टेबल ७५ सेंटिमीटर उंच. त्यावर टोचण्याची ५ सेंटिमीटरची गादी. त्यावर १० सेंटिमीटरचा डोडो. म्हणजे हात ९० सेंटिमीटरवर चालणार आणि वहिनींची सर्व उंची १५० सेंटिमीटर! तासन्तास खांदे वर उचलून त्या टोचत होत्या. वयाचा येथे काही संबंध नव्हता. नियम सोपा आहे. बसल्यावर खांदे सैल सोडावेत, कोपर अंगाशी असावे, आणि काम कोपराच्या पातळीला किंवा किंचित खाली यावे. पाय जमिनीवर टेकावेत. न टेकल्यास खाली पाट ठेवावा. पाठीला टेका असावा. आम्ही पाडलेल्या एका घराचे जुने दार मिळवले, सुताराकडून १२० सेंटिमीटर लांब आणि ६० रुंद कापून घेतले, आणि ६५ सेंटिमीटर उंचीच्या पायांवर बसवले. नव्या टेबलाच्या मानाने खर्च फारच थोडा आला.

तिसरी गोष्ट सुयांची. या सुया शिवणाच्या सुयांसारख्या नसतात. त्यांच्या कडांना बारीक खाचा असतात. त्या खाचा लोकरीचे तंतू आत ओढतात आणि गुंतवतात. सुयांना क्रमांक असतात, आणि क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होते. आकार घडविण्यास ३६, नेहमीच्या कामास ३८, शेवटच्या सफाईस ४०, असा साधारण क्रम आहे. दिसायला त्या सारख्याच, म्हणून प्रत्येक क्रमांकाच्या डोक्याला वेगळ्या रंगाचे नखपॉलिश लावावे. सुई ज्या दिशेने आत गेली त्याच दिशेने बाहेर यावी. वाकडी ओढली की मोडते. गादी म्हणून जाड स्पंज चालतो, किंवा गोणीच्या कापडाची पिशवी शिवून तीत तांदूळ भरावेत. ती अधिक टिकते.

आता मुख्य नियम. सुया झाकणाच्या डब्यात मोजून ठेवाव्यात. आमच्या डब्यात सहा आहेत. कामाला बसताना सहा, उठताना सहा. एखादी मोडली तर दोन्ही तुकडे सापडेपर्यंत उठायचे नाही. सुई पोलादाची असल्याने लोहचुंबक फिरवला की टोक सापडते. दोरी बांधलेला एक चुंबक आम्ही टेबलाला टांगूनच ठेवला आहे. टेबलाखाली चटई नको, साधी फरशी असावी. आणि टोचताना दूरदर्शन पाहू नये. लक्ष तिकडे गेले की सुई बोटात जाते.

चौथी गोष्ट लोकर ठेवण्याची. १९६० साली कॅरोल वादळाने आपली पत्र्या-लाकडाची घरे उडवली. पुढे सिमेंटची सपाट छपराची घरे सर्वत्र झाली. ती वादळाला पुरून उरतात, परंतु पठारावर, वाक्वा-क्युरपीपकडे, त्यांच्या भिंती ओल धरतात. लोकर भिंतीला लावून किंवा जमिनीवर ठेवू नये. झाकणाचे पारदर्शक डबे घ्यावेत, एका डब्यात एका जातीचे रंग ठेवावेत, आणि डबे फळीवर, भिंतीपासून चार बोटे दूर मांडावेत. ओलीइतकीच कसरीची भीती. तिच्या अळ्या लोकर खातात, आणि आपल्याला कळते तेव्हा भोके पडलेली असतात. लवंग किंवा वाळ्याची मुळे यांच्या वासाने कसर थोडी दूर राहते, पण घातलेली अंडी त्याने मरत नाहीत. त्यासाठी महिन्यातून एकदा डबे उघडून लोकर झटकावी आणि ऊन दाखवावे. शंका आल्यास पिशवीत बंद करून एक-दोन आठवडे बर्फाच्या कप्प्यात ठेवावी. डांबराच्या गोळ्या मुलांच्या घरात न वापरलेल्या बऱ्या.

प्रत्येक डब्यावर चिठ्ठी हवी: शुद्ध लोकर, मिश्र लोकर, की कृत्रिम धागा. कारण ओल्या पद्धतीच्या कामात, ज्याविषयी आता सांगणार आहोत, सारेच धागे सारखे वागत नाहीत.

लोकरीच्या तंतूवर माशाच्या अंगावर असतात तसे अतिसूक्ष्म खवले असतात. गरम पाणी आणि साबण लावून चोळले की तंतू एकमेकांत सरकतात, खवले अडकतात, आणि मग ते मागे फिरत नाहीत. लोकर आटते, दाट होते, आणि तिचे कापड बनते. काश्मीरचा नमदा याच तत्त्वावर होतो. जुना स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला की तो मुलाच्या मापाचा होतो, तेही याच कारणाने. कृत्रिम धाग्याला असे खवले नसतात, तो आटत नाही. यंत्रात धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली लोकरही आटत नाही. म्हणून आधी १० सेंटिमीटरचा चौकोन करून पाहावा. तो ७ सेंटिमीटरवरही येऊ शकतो. त्या हिशेबाने मोठे काम आखावे, म्हणजे माल आणि मेहनत वाया जात नाही.

हे ओले काम कोरड्या टेबलावर कधीही करू नये. आम्ही त्यासाठी अंगणातील कपडे धुण्याच्या ओट्याजवळ एक फळी बसवली. येथे उभ्याने काम असते आणि अंगाचा भार हातांवर द्यावा लागतो, म्हणून फळी कोपरापेक्षा वीतभर खाली असावी. वहिनींना ८० सेंटिमीटर सोयीची झाली. लागणारे साहित्य घरचेच: वेताची चटई, जुन्या मच्छरदाणीचा तुकडा, साधा साबण, टॉवेल, बादली. पाणी हाताला सोसेल इतकेच गरम असावे. लोकर रंगवायची असेल तर भांडी आणि पळी कायमची वेगळी ठेवावी. ती पुन्हा स्वयंपाकघरात येऊ नयेत. आणि कोरडे असो की ओले, अर्ध्या तासाने उठून हात झटकावेत, चार पावले चालावे. कारखान्यात घंटा होती. घरी घंटा आपणच वाजवायची असते.

एवढे वाचून काही वाचक म्हणतील, “घरे लहान, माणसे पुष्कळ. जागा आणायची कोठून?” प्रश्न योग्य आहे. परंतु त्याच घरात पादत्राणांसाठी कपाट असते, दूरदर्शन-संचासाठी सबंध भिंत असते. बिजागरीने भिंतीला लावलेली, काम झाल्यावर खाली पडणारी एक फळीही चालते. एक चाकांची मांडणी चालते. जागा किती मोठी, याला महत्त्व नाही. ती ठरलेली असावी, आणि तिच्यावरचे अर्धवट काम दुसऱ्या दिवशी जसेच्या तसे सापडावे, एवढेच पुरे.

दुसरे कोणी म्हणतील, “हा तर विरंगुळा. पैसा येऊ लागला की पाहू.” हा विचार आम्हांला मान्य नाही. पीक आले की मग शेत देऊ, असे कोणी म्हणते काय? शिवाय विरंगुळा असला तरी काय बिघडले? आमच्या मेजावरच्या सर्वच गोष्टी पगाराच्या असतात असे नाही. तेथे आम्ही शब्दकोडीही सोडवतो.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो एका भगिनीनेच आमच्यापाशी बोलून दाखवला. तिचे म्हणणे, बाईला घरात कामाचा कोपरा दिला की घराबाहेर जाण्याची तिची वाट बंद होते. पगार, रजा, निवृत्तिवेतन यांची भाषाच राहत नाही. यात तथ्य आहे. घरचे टेबल हे कारखान्याच्या नोकरीची भरपाई नव्हे, आणि ज्यांनी त्या नोकऱ्या घालवल्या त्यांनी ते तसे सांगूही नये. परंतु जी स्त्री आज घरी बसून काम करतेच आहे, तिने ते पलंगाच्या कडेवर, मान मोडून करावे, यानेही तिचा हक्क वाढत नाही. उलट, ज्या कामाला जागा नाही त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही, आणि ज्याचा हिशेब नाही त्याचा भाव दुसरेच ठरवतात. वहिनींच्या टेबलाच्या खणात आता एक वही आहे. कोणत्या डोडोला किती लोकर लागली, किती तास गेले, ते त्या लिहितात. दोन महिन्यांची वही पाहिल्यावर त्यांनी स्वतःहून किंमत वाढवली. एका दुकानदाराने कुरकुर केली, आणि माल घेतला.

आपल्या महाराष्ट्रातील घोंगडीचे कौतुक आपण भाषणांत करतो. सूत ताणायचे, त्याला चिंचोक्याची खळ द्यायची, मागावर विणायचे. हे काम करणाऱ्यांनी आपल्या मागासाठी घरात जागा राखली, म्हणून ती कला पिढ्यान्‌पिढ्या टिकली. आपल्या संस्था सणावारी हस्तकलेची प्रदर्शने भरवतात, शाल-श्रीफळ देतात. ते चांगलेच आहे. पण आमची एक नम्र सूचना आहे. पुढील प्रदर्शनात वस्तू मांडणाऱ्या प्रत्येक भगिनीला विचारावे, “हे आपण कोठे बसून केले?” उत्तर जेथे ‘पलंगावर’ असे येईल, तेथे हारतुऱ्यांचे पैसे वाचवून सुताराला द्यावेत.

आमच्या घरापुरते सांगायचे तर वहिनींचे खांदे आता बरेच बरे आहेत. नातीला टेबलापाशी येण्याची बंदी नाही. तिला फक्त सुयांच्या डब्याला हात लावण्याची बंदी आहे, आणि ती इतरांना तशी बजावतही असते. परवा आम्ही घाईत वह्यांचा गठ्ठा त्या टेबलावर टेकवला. ती चिमुरडी लगेच म्हणाली, “आजोबा, ते आजीचे टेबल आहे.”

आम्ही गठ्ठा मुकाट्याने उचलला.